‘मन जुळलं की पिल्लू घेऊन टाका’ म्हणे!

शेपूटवाली:
कुत्र्याचं पिल्लू कसं निवडावं या परवाच्या धाग्यात एका जाणकारांनी सल्ला दिला: ‘डोळे चमकदार, नाक ओलं, वंशावळीचा कागद हातात आणि मन जुळलं की पिल्लू घेऊन टाका, फार चिकित्सा करू नये.’ त्यावर बदामांचा पाऊस. तिथेच लिहिणार होते, पण प्रतिसाद फारच लांबला.

ओल्या नाकाचं काय घेऊन बसलात? पार्व्होची (जुलाब-उलट्यांचा जीवघेणा विषाणू) लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस जातात. घेताना उड्या मारणारं पिल्लू आठवड्याभरात सलाईनवर असू शकतं. विकणारा म्हणतो ‘आमच्याकडे ठणठणीत होतं’, आणि तेव्हा ते खरंही असतं.

पिल्लाकडे नंतर बघा, आधी आईकडे बघा, तीही पिल्लांसोबत असताना. ‘आई फिरायला गेलीये’, ‘आई दुसऱ्या जागी असते’, ‘आई अनोळखी माणसांना चावते’ असं ऐकलं की चपला घाला आणि निघा. कधीकधी भलतीच कुत्री आणून उभी करतात. तेव्हा तिचे सड बघा. पिल्लं पाजणाऱ्या कुत्रीचे सड लोंबलेले असतात, आजूबाजूला नखांचे बारीक ओरखडे असतात. पोट सपाट आणि पिल्लं तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, तर ती भाड्याची आई.

आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू फुकट दिलं तरी नको. चावताना जोर किती लावायचा हे ते आई-भावंडांत शिकतं. लवकर उचललंत तर तो अभ्यासक्रम तुमच्या पोरांच्या हातांवर पूर्ण होतो.

आणि ‘आठ आठवडे, सगळं लसीकरण पूर्ण’ अशी जाहिरात दिसली की पुढे वाचूच नका. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती लसीला आडवी येते, म्हणून तर डोस सोळा आठवड्यांपर्यंत पुन्हा पुन्हा द्यावे लागतात. आठव्या आठवड्यात कोर्स ‘पूर्ण’ होतच नाही.

निवांत_काका:
तो जाणकार मीच. धागा काढण्याइतकं महत्त्व दिल्याबद्दल आभार.
ताई, आपण कुत्रं आणतोय, मुलीसाठी स्थळ बघत नाही आहोत. आमच्याकडे आजवर जेवढी कुत्री झाली ती सगळी अशीच मन जुळवून आणलेली. शेवटचा अल्सेशियन चौदा वर्षं जगला, ना कंबर धरली ना काही. आणि कागद बघाच, असं मीही म्हटलं होतं. त्यावर सोयीस्करपणे एक शब्दही लिहिला नाहीत.

एक्सरेवाला:
काका, चौदा वर्षांबद्दल अभिनंदन, पण एका कुत्र्यावरून नियम निघत नाही. कागदावर आई-बापाचं नाव असतं, त्यांच्या खुब्याचा एक्सरे नसतो.

माझ्या बहिणीच्या लॅबचे (लॅब्राडॉर कुत्र्याचे) कागद फ्रेम करून लावण्यासारखे होते. वर्षाचा व्हायच्या आत तो पळताना मागचे दोन्ही पाय एकदम टाकायला लागला, सशासारखे. घरचे कौतुकानं व्हिडिओ काढायचे. मग जिना चढेना, बसला की उठताना पुढच्या पायांवर सगळा भार. हिप डिस्प्लेशिया, म्हणजे खुब्याचा सांधा नीट न बसणं, दोन्ही बाजूंना. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे ‘तुम्ही गुळगुळीत फरशीवर ठेवलात’. (फरशीनं भर पडत असेलही, पण एवढं?)

अमेरिकेतल्या ओएफए या प्राण्यांच्या हाडा-सांध्यांच्या तपासण्या नोंदवणाऱ्या संस्थेचं खुब्याचं पक्कं प्रमाणपत्र कुत्रा दोन वर्षांचा झाल्याशिवाय मिळतच नाही. कुणी वर्षाच्या मादीची पिल्लं ‘तपासलेले आई-बाप’ म्हणून विकत असेल तर काय तपासलं ते विचारा. डॉक्टरनं छातीला नळी लावून ‘छान आहे’ म्हणणं ही तपासणी नव्हे.

निवांत_काका:
म्हणजे आता पिल्लू घ्यायला रेडिओलॉजिस्ट बरोबर न्यायचा. नोंद घेतली.

दत्तकच_घ्या:
विकत घ्यायचंच कशाला? निवारे भरून वाहतायत. ‘जबाबदार ब्रीडर’ (पैदास करून विकणारा) म्हणजे जबाबदार सिगारेट कंपनी.

शेपूटवाली:
हे येणार माहीत होतं. दत्तक घ्या, जरूर घ्या. पण जे विकत घेणारच आहेत त्यांना ‘घेऊ नका’ सांगून ते ऐकणार आहेत का? ते सरळ पहिल्या जाहिरातीवर जातात, जिथे सहा जाती कायम ‘उपलब्ध’ असतात आणि पिल्लू अर्ध्या रस्त्यात पार्किंगमध्ये हातात देतात. नीट ब्रीडर तुमचीच उलटतपासणी घेतो: घरी कोण असतं, किती वेळ एकटं राहील, नाही जमलं तर मलाच परत द्याल ना. तो ‘आता नाहीत, पुढच्या वेळी कळवतो’ म्हणतो. थांबायला लागतं.

चपटनाक_हटाव:
लेख बरा आहे, पण मुद्द्याचं राहिलं. तुमच्याच प्रोफाइलला पग आहे ना? मग ‘जबाबदारी’वर प्रवचन कसलं? आईचे सड तपासता आणि पिल्लाला श्वास घेता येतो का ते नाही तपासत? नाकपुड्या चिरेएवढ्या, टाळू घशात लोंबलेला. कुत्रं धापा टाकून अंग गार करतं, इथे धापच नीट टाकता येत नाही. फ्रेंच बुलडॉग तर बहुतेक सिझेरियननंच जन्मतात. नॉर्वेनं बुलडॉग आणि कॅव्हेलियर (लांब कानांची छोटी स्पॅनियल जात) यांच्या पैदाशीवर बंदी घातली, उगाच नाही.

शेपूटवाली:
पग निवाऱ्यातून आणलाय. आधीच्या मालकानं सोडलेला, वयस्कर. प्रोफाइल उघडलंत तसं खालचं वाक्यही वाचायचंत.

एक्सरेवाला:
नॉर्वेचं अर्धवट आहे. २०२२ मध्ये खालच्या कोर्टानं दोन्ही जाती अडवल्या, पण अपिलात बुलडॉग सुटला. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कॅव्हेलियरवरची बंदी कायम ठेवली. त्यांचं हृदय आणि मेंदूला अपुरी पडणारी कवटी, हे मुख्य मुद्दे. चपटं नाक नव्हे.

चपटनाक_हटाव:
म्हणजे बुलडॉग ठणठणीत असतो असं सिद्ध झालं का? वकिली नको. आमच्या वरच्या मजल्यावरचा बुलडॉग रात्रभर बसून झोपायचा. आडवा झाला की श्वास अडकायचा, म्हणून हनुवटी खेळण्यावर टेकवून. मालकीण म्हणायची ‘कसला गोड घोरतो’. ऑपरेशन करून टाळू कापला तेव्हा तो पहिल्यांदा कुशीवर झोपला.

गुंड्याची_आई:
माझ्याकडे पग आहे, विकत घेतलेला, आणि मी गुन्हेगार नाही. दोन्ही आई-बाप बघितले, चालवून बघितले, ऐकून बघितलं, नाकपुड्या उघड्या होत्या. गुंड्या माझ्यापेक्षा जास्त पळतो. सगळ्या पगवाल्यांना एकाच सुरीनं कापायचं बंद करा. लॅबवाले चांगले आणि आम्ही क्रूर? वरचा लॅबचा किस्सा वाचलात ना?

चपटनाक_हटाव:
अपवाद दाखवून जात सुधारत नाही, ताई. तुमचा पळतो, छान. त्याचा एकेक सख्खा भाऊ कुठे आणि कसा आहे, माहीत आहे?

गुंड्याची_आई:
तुमच्या सख्ख्या भावांची तब्येत विचारली का मी?

मऊ_काळीज:
भांडण बाजूला ठेवा. मला एक सांगा. मी एका ठिकाणी गेले, तिथे पिंजऱ्याच्या कोपऱ्यात एक पिल्लू होतं, डोळ्यांत चिकट पू, पोट फुगलेलं, कानाच्या कडा खरजेनं सोललेल्या. शेपूटवालीच्या नियमानं मी चपला घालून निघायला हवं होतं. मी त्याला घेऊन आले. आज ते माझ्या पायाशी झोपलंय. चूक केली का मी? सरळ सांगा.

शेपूटवाली:
त्या पिल्लापुरतं नाही. पण तो पिंजरा रिकामा झाला आणि पैसे मिळाले, म्हणजे आतल्या मादीला पुढच्या माजावर पुन्हा लावली जाणार. ती तुम्हाला दिसली नाही, कारण ती दाखवायची नसतेच. फोटो काढायचे, जनावरांवरच्या क्रूरतेची तक्रार करायची, पैसे द्यायचे नाहीत. कठोर वाटतं, वाटू दे.

मऊ_काळीज:
तक्रार केली होती. कुणी आलं नाही. तोवर ते गेलं असतं. तुम्ही तिथे उभं राहून बघा मग बोला.

दत्तकच_घ्या:
बघा, म्हणूनच म्हणतो, विक्रीच बंद करा.

एक्सरेवाला:
इंग्लंडनं २०२० मध्ये मधल्या दुकानदारांची विक्री बंद केली. सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू एकतर निवाऱ्यातून, नाहीतर थेट ब्रीडरकडून, आईसोबत. ल्युसी नावाच्या एका कॅव्हेलियरमुळे तो कायदा ओळखला जातो. वापरून वापरून टाकून दिलेली मादी होती ती. कायद्यानं मधला विक्रेता अडतो, घरचं नाटक उभं करणारा नाही. तिथे पुन्हा तुमचेच डोळे. मऊ_काळीज यांना दोष देणार नाही, पण त्यांचं उदाहरण सल्ला म्हणून चालणार नाही.

निवांत_काका:
बरं. आठ आठवडे आणि लसीचं पटलं. एवढंच पटलं, उगाच हुरळून जाऊ नका. पुतण्या एक पिल्लू बघून आलाय, ‘दुर्मिळ मर्ल रंग, आई-बाप दोघेही मर्ल’ असं लिहिलंय, म्हणजे अंगावर फिके-गडद डाग. हे तरी चांगलं ना?

एक्सरेवाला:
काका, नाही! दोघेही मर्ल असतील तर सरासरी चारातलं एक पिल्लू डबल मर्ल (दोघांकडूनही मर्लचं जनुक आलेलं) निघतं, त्यात बहिरेपणा आणि डोळ्यांचे दोष सर्रास. हे माहीत असून जोडी लावणाऱ्याकडून काहीच घेऊ नका. पुतण्याला थांबवा, आजच.

निवांत_काका:
तुम्ही लोक काहीच चांगलं म्हणत नाही. फोन करतो त्याला.

चपटनाक_हटाव:
मर्लवर एवढी आरडाओरड आणि पगवर शांतता. वा.

गुंड्याची_आई:
पगसाठी वेगळा धागा काढलाय. तिकडे या, मग बघते.