मदत हवी आहे: हळद पावडरीला गॅमा किरण मारून घ्यावेत का?

हळकुंड_सांगली

नमस्कार मंडळी,
सांगलीजवळ आमची हळद दळायची छोटी गिरणी आहे. यार्डातून राजापुरी हळकुंडं घ्यायची, पॉलिश करून दळायची, 25 किलोच्या गोणीत भरायची. एका मध्यस्थामार्फत जर्मनीच्या पार्टीने नमुना मागवला आणि रिपोर्टात साल्मोनेला (पोटाचा आजार करणारा जंतू) निघाला. (हळद उकडलेली असते खरी, पण पुढे कितीतरी दिवस उघड्या खळ्यावर वाळते. कोंबड्या, कुत्री, पाली सगळे त्यावरून फिरून जातात.) मध्यस्थ म्हणतो, "गॅमा मारून घ्या, विषय संपला."

वडील तयार आहेत, आई अडून बसलीय. "असली हळद कुणाच्या पोटात घालताय? उद्या गोणीतनंच किरणं बाहेर पडली तर?" माझं विज्ञान बारावीपुरतं. तिला काय सांगू? आणि खरंच करावं का?

मिरजकर

एवढा खटाटोप कशाला? इथिलीन ऑक्साईडचा गॅस द्या, स्वस्तात होतं.

जुना_तंत्रज्ञ

मिरजकर, युरोपात अन्नाला तो गॅस चालत नाही. अंश सापडला की कंटेनर परत.

हळकुंड, आईंना सांगा की गोणी किरणोत्सारी होत नाही. प्लांटमध्ये कोबाल्ट-60 च्या सीलबंद कांड्या असतात, काम नसताना त्या खोल पाण्याच्या हौदात बुडवून ठेवतात. माल त्यांच्यासमोरून फिरतो, कांडीला शिवतसुद्धा नाही. त्या गॅमा किरणांची ऊर्जा 1.17 आणि 1.33 एमईव्ही. जंतूंचा डीएनए तोडायला ती भरपूर, पण हळदीतल्या अणूंची केंद्रकं बदलायला अपुरी. उन्हात वाळवलेली हळद रात्री उजेड देते का? तसंच हे.

मसाल्यांसाठी आपल्याकडे 6 ते 14 किलोग्रे मात्रा मान्य आहे. 10 किलोग्रे म्हणजे किलोमागे 10 हजार ज्यूल, तेवढ्याने किलोभर पाणी अडीच अंशही तापत नाही. म्हणून रंग-वास टिकतो, आणि बंद गोणीतच काम होत असल्याने नंतर हात लागून पुन्हा घाण होत नाही. मात्र कीटकनाशकाचे अंश, शिसं किंवा आधीच तयार झालेलं अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष) यानं जात नाही. ते कुणी "जातं" म्हणालं तर त्याच्याकडे जाऊच नका. आणि चुकूनही बेण्याची हळद त्या गाडीत चढवू नका, कोंब येणार नाही.

आता खरी अडचण. युरोपात मसाल्याला सरासरी कमाल 10 किलोग्रेच चालतं, प्लांट त्यांच्या मान्यताप्राप्त यादीतला लागतो, आणि पाकिटावर किरणोपचार केल्याचं छापावंच लागतं. तिथले बरेच खरेदीदार ते लेबल बघूनच मागे सरतात आणि वाफेवर निर्जंतुक केलेला माल मागतात. म्हणजे आईंची भीती जर्मनीतही आहे! आधी पार्टीकडून लेखी होकार घ्या, मगच गाडी भरा. प्लांटकडून किमान-कमाल मात्रेचा दाखला मागायला विसरू नका.

हळकुंड_सांगली

मध्यस्थाला फोन केला. लेबलचं त्याच्या गावीही नव्हतं, आता पार्टीला विचारून सांगतो म्हणाला. तोवर एक सांगा: सांगली-कोल्हापूर भागात वाफेवर निर्जंतुक करून देणारं कुणी आहे का, आणि त्यात पावडर घेतात की अख्खी हळकुंडंच?