मदत हवी आहे : देवनारवरचा माहितीपट दाखवला, आणि वर्गातली एक मुलगी मान खाली घालून बसली

नमस्कार मंडळी,

मी चेंबूरच्या एका मराठी शाळेत नववीला भूगोल शिकवते. गेल्या आठवड्यात देवनार डंपिंग ग्राउंडवरचा वीसेक मिनिटांचा माहितीपट वर्गात लावला. १९२७ पासून मुंबईचा कचरा तिथे पडतोय, २०१६च्या जानेवारीत आग लागली तेव्हा धुरामुळे आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, एवढं आधी सांगितलं होतं. पडद्यावर कचरा वेचणाऱ्या बायका दिसल्या आणि मागच्या बाकांवरून "ईऽऽ" आलं. संपल्यावर मुलं म्हणाली, "बिचारे! पण बाई, हे लोक तिथे राहतातच कशाला?"

वर्गातली एक मुलगी बैंगनवाडीहून, म्हणजे त्या डंपिंग ग्राउंडला लागूनच्या वस्तीतून येते. ती पूर्ण वेळ मान खाली घालून बसली होती. दुसऱ्या दिवशी शाळेत आली नाही.

चूक माझीच. मी मुलांना हाल दाखवले. ते कुणाच्या निर्णयांमुळे झाले, ते दाखवलं नाही. तो कचरा आमच्याच सोसायट्यांतून जातो, हेही राहून गेलं.

म्हणून आता चेंबूरजवळच्या माहुलचा विषय वर्गात घ्यायचं मनात आहे. "राहतातच कशाला" याचं उत्तर तिथे लख्ख दिसतं. तानसा जलवाहिनीलगतची घरं पाडून हजारो कुटुंबांना रिफायनऱ्यांशेजारच्या इमारतींत पाठवलं, तेही २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने (पर्यावरणाचे खटले ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाने) तिथल्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचं सांगितल्यानंतर. माणसं विद्याविहारला रस्त्यावर धरणं धरून बसली, कोर्टात गेली. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं, दुसरीकडे घर द्या, नाहीतर महिना १५,००० रुपये भाडं द्या. ही भांडणारी माणसं मुलांना दिसायला हवीत.

माहुलचे रहिवासी स्वतः बोलतात असा मराठी किंवा हिंदी लघुमाहितीपट कुणाला माहीत आहे का? तास पस्तीस मिनिटांचा, त्यामुळे पंधरा मिनिटांच्या आतला हवा. मध्ये थांबवून प्रश्न विचारावेत असं मला वाटतं, पण सलग दाखवणाऱ्यांचा अनुभवही सांगा.

सगळ्यात जास्त टोचतंय ते त्या मुलीचं. आधी तिच्या आईला भेटू का? वर्गात तिला बोलतं करावं, तर पुन्हा सगळ्यांच्या नजरा तिच्यावरच. काहीच न बोलता पुढे जावं, तर तेही बरोबर वाटत नाही. गोवंडी-मानखुर्दला शिकवणाऱ्यांनी, किंवा तिथे लहानाचे मोठे झालेल्यांनी, कृपया लिहा. पुढचा तास सोमवारी आहे.