परदेशात शिकताना अनुभवलेली खाद्यजत्रा: तुमची आठवण लिहा

परदेशी शिकायला गेलेल्यांपैकी कितीतरी जणांना त्या गावाची एखादी खाण्याची जत्रा भेटलेली असते. तिथे काय खाल्लंत, कोणाबरोबर, ते इथे लिहा. सुरुवात मी करते.

जर्मनीत वायमारला ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी कांदाबाजार भरतो. त्याची नोंद थेट १६५३ सालची आहे. कांदे बघायला काय जायचं, असं वाटलं होतं. गेले आणि तिथेच रमले. कांदे गुंफून केलेल्या लांबलचक वेण्या, मधेमधे वाळवलेली रंगीत फुलं. एका आजींनी माझ्या हातात कांदे दिले. मोठे खाली, लहान वर, आणि पात घट्ट आवळायची. माझी वेणी सुटली, त्यांनी शांतपणे पुन्हा बांधायला लावली. माझं जर्मन तोवर वर्गापुरतंच होतं; "आवळ", "सोड", "बास" हे शब्द मी त्यांच्याकडून शिकले. नंतर गरम कांदाकेक खाल्ला: पोळीसारख्या पसरलेल्या पिठावर मऊ शिजलेला कांदा, अंडं आणि साय. त्यात बहुधा डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, तेव्हा शाकाहारी असाल तर आधी "ओने श्पेक?" असं विचारा. ती वेणी खोलीत टांगली आणि हिवाळाभर तिच्यातलेच कांदे कापून स्वयंपाक केला.

*

माझी आठवण फ्रान्समधल्या लिलची. सप्टेंबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी तिथे जुन्या वस्तूंचा प्रचंड बाजार भरतो आणि सगळं शहर शिंपले आणि बटाट्याचे तळलेले काप खातं. रिकाम्या शिंपल्यांचे ढीग हॉटेलांच्या दाराशी रचतात. मला येऊन आठवडा झाला होता, ओळख कोणाशीच नाही. काट्याने झटापट चालली होती, ती बघून शेजारच्या काकूंनी रिकामा शिंपला चिमट्यासारखा धरून दुसऱ्यातलं मांस कसं ओढायचं ते दाखवलं. समोर बसलेला मुलगा माझ्याच विभागातला निघाला. पुढे दोन वर्षं आम्ही एकत्र अभ्यास केला.

*

आयर्लंड, गॉलवे. तिथला कालवांचा उत्सव १९५४ पासून चालू आहे आणि तो सप्टेंबरमध्येच असतो, कारण उन्हाळा हा स्थानिक कालवांचा विणीचा काळ. कालवं फोडायच्या स्पर्धेत नुसता वेग पुरत नाही, मांस फाटलं किंवा कवचाचा तुकडा राहिला तर दंड म्हणून स्पर्धकाच्या वेळेत सेकंद जोडतात. हे कळल्यावर मी श्वास रोखून बघत होतो. पहिल्यांदा खाणाऱ्यांनो, गिळू नका, चावा. चव तेव्हाच कळते.

*

पैशांचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आधी पूर्ण फेरी मारा, मग तिघांत एकेक पदार्थ घ्या. जर्मनीत पेल्यासाठी अनामत घेतात, पेला परत केला की मिळते. विद्यार्थ्याला तेवढेही पैसे लागतात.

*

वायमारचं वाचून राहवलं नाही. स्वित्झर्लंडमधल्या बर्नलाही नोव्हेंबरच्या चौथ्या सोमवारी कांदाबाजार असतो, पहाटे अंधारातच सुरू होतो. मी तिथे दोन वर्षं होते. दोन्ही वेळा सोमवारचं लेक्चर बुडेल म्हणून गेले नाही. वर्गात शिरणाऱ्या मैत्रिणींच्या केसांत बाजारात उधळलेले रंगीत कागदाचे कपटे असायचे आणि कोटाला कांद्याचा वास. त्याची हळहळ अजून जात नाही. यंदा भाची तिथेच शिकायला गेली आहे. तिला तो सोमवार आत्ताच कळवून ठेवलाय.