मध्यस्थीची प्रार्थना, ओझे, उपकारस्तुती : घरसभेतल्या शब्दांचे नेमके अर्थ

शब्दार्थी : ख्रिस्ती घरसभेच्या एका निमंत्रणात वाक्य आहे : 'भजन, वचन, मध्यस्थीची प्रार्थना व उपकारस्तुती होईल. प्रार्थनेचे विषय आणावेत.' मध्यस्थी म्हटले की मला दोघांचा तंटा मिटवणारा आठवतो. इथे तंटा कुणाचा? आणि 'विषय' म्हणजे चर्चेचे?

नगरी : तंटा नाही आणि चर्चाही नाही. स्वतःसाठी मागितले की ती विनंती किंवा याचना, दुसऱ्यासाठी देवाकडे रदबदली केली की ती मध्यस्थी. मात्र बायबलमधल्या, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (२:५) देव आणि मानव यांच्यामधला मध्यस्थ एकच, ख्रिस्त येशू, असे म्हटले आहे. म्हणून प्रॉटेस्टंट मंडळ्यांत (चर्चमध्ये) माणूस मध्यस्थी 'करतो', पण त्याला 'मध्यस्थ' म्हणत नाहीत. क्रिया चालते, पदवी चालत नाही.

ज्या गरजेसाठी प्रार्थना हवी ती गरज म्हणजे 'विषय'. तो 'ठेवतात' : 'कुणाला विषय ठेवायचा आहे का?' पुढे प्रार्थना करणाऱ्याबद्दल 'ताई आपल्याला प्रार्थनेत चालवतील' असे म्हणतात. बाहेरच्याला 'चालवतील' खटकते, पण घरसभेत ते रोजचे आहे.

विषय ठेवताना तीन गोष्टी हव्यात : कोणासाठी, नेमके काय, कधीपर्यंत. 'भावासाठी प्रार्थना करा' हा अर्धाच विषय. 'भावाची मंगळवारी अँजिओग्राफी आहे, त्याला भीती वाटते' हा पुरा. 'सर्वांना आशीर्वाद दे' एवढेच मागितले तर उत्तर मिळाले की नाही हे ओळखायचे कसे?

वसईकर : कॅथलिक वापर थोडा वेगळा, तो नोंदवतो. वसईत 'संतांच्या मध्यस्थीने' हा प्रयोग सर्रास चालतो, कारण तिथे मरियामाता आणि संत यांना आपल्यासाठी विनवायला सांगितले जाते. एकच शब्द, पण मध्यस्थी करणारा कोण यावर अर्थ फिरतो. घरोघरी रोझरी (मण्यांच्या माळेवरची प्रार्थना) होते तिथे विषय ठेवण्याची रीतही निराळी. रोझरीचे पाच भाग, त्यांना दशके म्हणतात, प्रत्येकात दहा वेळा 'नमो मरिया' ही प्रार्थना. दशक सुरू होण्याआधी एकाच वाक्यात सांगायचे की हे कोणासाठी : आजारी, परीक्षेला बसलेली मुले, मृत. पाठ ठरलेला असल्यामुळे लाजाळू माणूसही मोठ्याने प्रार्थना करतो, ही सोय मोकळ्या प्रार्थनेत नाही. धोका मात्र उघड आहे : जीभ चालू, मन बाजारात.

शब्दार्थी : 'माझ्यावर अमक्या गावाचे ओझे आहे' हे वाक्यही दिसले. हे कर्जासारखे काही?

केडगावकर : नाही, ओझे म्हणजे एखाद्या माणसासाठी किंवा गावासाठी प्रार्थना केल्याशिवाय चैन न पडणे. सोबत 'खिंडारात उभे राहणे' हाही प्रयोग येतो. तो बायबलमधल्या यहेज्केल या पुस्तकाच्या २२व्या अध्यायातला : तट फुटला आहे तिथे उभा राहील असा माणूस देव शोधतो.

ओझे एकट्याचे राहिले की थकवते, गटाचे झाले की टिकते. केडगावच्या (जि. पुणे) मुक्ती मिशन या आश्रमात जानेवारी १९०५मध्ये पंडिता रमाबाईंनी मुलींना रोज प्रार्थनेसाठी जमायला बोलावले. सुरुवातीला सुमारे ७० जणी आल्या, जूनपर्यंत सुमारे ५५० जणी दिवसातून दोनदा जमू लागल्या. त्याच महिन्याच्या अखेरीस तिथे संजीवन सुरू झाले. (संजीवन हाही खास शब्द : मंडळीला पुन्हा आलेली आत्मिक जाग.) संख्येपेक्षा मला यात महत्त्वाचे वाटते ते हे, की मागणे एक होते आणि जमणे रोजचे होते.

नगरी : रोज जमणे आताच्या घरसभांना जमत नाही, आठवड्याचा एक तास मिळतो. सहा ते दहा जण असतील तर भजन १० मिनिटे, वचन (बायबलमधला उतारा) १५, उपकारस्तुती ५, विषय १०, प्रार्थना २०. बिघडते ते विषयांपाशीच. विषयाची हकिकत होते, हकिकतीवर सल्ले सुरू होतात, आणि प्रार्थनेला उरतात चार मिनिटे. उपाय : विषय दोन वाक्यांत, सल्ले सभेनंतर. किंवा विषय आधी सांगायचेच नाहीत. ज्याचा त्याने प्रार्थनेतच मांडायचा, बाकीच्यांनी त्याच विषयावर एकेक वाक्य जोडायचे आणि मगच पुढचा विषय घ्यायचा.

दुसरी खोड म्हणजे प्रार्थनेतून प्रवचन. 'हे प्रभू, काही लोक उशिरा येतात हे तू पाहतोस' ही प्रार्थना नव्हे, टोमणा आहे. तिसरी सगळ्यांत घातक : विषयाच्या नावाखाली चहाड्या. गैरहजर माणसाची अडचण त्याच्या परवानगीशिवाय ठेवू नये, आणि इथले इथेच राहावे. याकोब ५:१६ एकमेकांजवळ पापे कबूल करायला सांगते. बोललेले बाहेर फुटणार असेल तर तोंड कोण उघडेल?

वहीत तीन रकाने पुरतात : तारीख, विषय, काय झाले. तिसऱ्या रकान्यातून पुढच्या सभेची उपकारस्तुती निघते. उपकारस्तुती म्हणजे देवाने केलेल्या उपकारांची, त्यांची नावे घेऊन केलेली स्तुती. 'देवा, तू थोर आहेस' ही नुसती स्तुती.

शब्दार्थी : शेवटचे. सगळीकडे 'आत्मिक वाढ' लिहितात, 'आध्यात्मिक' का नाही?

केडगावकर : 'आध्यात्मिक' चूक नाही, कॅथलिक लेखनात तो भरपूर दिसतो. पण 'आत्मिक' म्हटले की ख्रिस्ती कानाला 'पवित्र आत्मा' ऐकू येतो, म्हणजे वाढ त्याच्याकडून. तिचे माप गलतीकरांस पत्रात (५:२२-२३) आहे : प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. नऊ गुण, पण 'फळ' एकवचनी. गटात 'मला आत्मिक वाढ दे' असा विषय ठेवू नये, तो हवेत राहतो. एक गुण आणि एक जागा निवडावी : 'सासूबाईंशी बोलताना सौम्यता, महिनाभर.' महिन्यानंतर गटातल्या एकाने विचारायचे. ते कोण विचारणार हे त्याच दिवशी ठरवून घ्यावे, नाहीतर कोणीच विचारत नाही.

वसईकर : आणि विचारणारा सासूबाईंच्या ओळखीचा नसलेला बरा.