आजोबांचा चाकू घासू नका

दादा, तुम्ही विचारलंय की आजोबांच्या रॉजर्सच्या (इंग्लंडमधल्या शेफील्डची जुनी चाकू कंपनी) चाकूचं पातं काळं पडलंय, पॉलिशपेपरने चकचकीत करू का, तर अजिबात नको हो! ही जुनी पाती कार्बन स्टीलची, म्हणजे स्टेनलेस नव्हेत, आमच्याकडे देवगडात आंबे नि कोकमं कापून कापून त्यावर जो निळसर करडा थर चढतो तो गंज नव्हे, उलट तो असला की लाल गंज जरा कमी धरतो. लाल डाग असतील तेवढेच तेलाचा थेंब टाकून बारीक स्टील वुलने हळू काढा.

आणि आधी पातं उघडून बिजागरीजवळ भिंगाने बघा, शेफील्डच्या जोसेफ रॉजर्सची खूण म्हणजे तारा आणि माल्टीज क्रॉस (टोकांकडे रुंद होत जाणाऱ्या चार हातांचा क्रूस), सोबत मुकुट आणि व्ही आर अक्षरं दिसली तर माल व्हिक्टोरिया राणीच्या काळातला, म्हणजे १९०१ किंवा त्याआधीचा. घासलंत की पहिलं हेच जातं, मग काय उरलं?

पावसाळ्यात चामड्याच्या पाकिटात ठेवू नका, ओल धरतं, शिवणमशीनचं तेल लावून सुती कापडात गुंडाळा. खोबरेल नको, चिकट होतं.

माझ्याकडे काकांचा आहे, हाडाच्या मुठीचा, कलमं बांधायला वापरायचे. सहाणेवर लावून लावून पातं करंगळीपेक्षा बारीक झालंय, पण मिटताना स्प्रिंग अजून टक्क वाजते, तो आवाज ऐकायला मी रोज एकदा तरी उघडतोच. तुमचा फोटो टाका ना, खुणेचा जवळून.