अलॉय व्हीलवरचे पांढरे डाग: नुसत्या पॉलिशने भागणार नाही

एकाने विचारलंय की कोकणात दोन पावसाळ्यांत अलॉयवर (मिश्रधातूच्या चाकांवर) पांढरे, केसासारखे वेडेवाकडे डाग आले, तर पॉलिश करून चालेल का. नाही चालणार. हे डाग म्हणजे गंज, आणि तो क्लिअर कोटच्या (वरच्या पारदर्शक थराच्या) खाली सरकत जातो. दगड लागून किंवा फुटपाथला घासून थर फुटला की खारी ओल तिथून आत शिरते. चोळून चमक येईल, पण उघडं अ‍ॅल्युमिनियम लवकरच पुन्हा काळवंडेल.

टायर आणि व्हॉल्व्ह उतरवा, जुना रंग मुळापासून काढून घ्या, मग प्रायमर आणि पावडर कोटिंग (रंगाची कोरडी पूड फवारून भट्टीत पिकवणं). ब्लास्टिंगला (दाबाने कण मारून जुना रंग काढायला) बारीक कणच वापरायला सांगा, भरड वाळूने पृष्ठभाग खरवडतो.

माझा खरा आग्रह भट्टीबद्दल आहे. पावडर साधारण १८० ते २०० अंशांना पिकते. बहुतेक अलॉय उष्णतेची प्रक्रिया देऊनच कणखर केलेले असतात, त्यामुळे जास्त तापमानात किंवा जास्त वेळ ठेवले तर धातू मऊ पडतो, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून तापमान मोजणारा माणूसच निवडा, चार पैसे जास्त गेले तरी.

नट जिथे बसतात ती जागा आणि हबला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला) टेकणारी मागची बाजू रंगवू देऊ नका. तिथला रंग दबून नट सैल होतात. चाक बसवल्यावर ५०-१०० किलोमीटरनंतर टॉर्क रेंचने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) नट पुन्हा तपासाच.

तडा असेल तर रंगाचा विचार सोडून चाक बदला. धुताना अ‍ॅसिडवाला क्लीनर नको, साधा कार शाम्पू पुरतो.