मदत हवी आहे: रेंडर दर वेळी वेगळ्याच ठिकाणी फाटतोय (आफ्टर इफेक्ट्स, व्हिडिओ ग्राफिक्सचं सॉफ्टवेअर)

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात लग्नाची व्हिडिओ निमंत्रणं करून देतो, अधूनमधून प्री-वेडिंग शूटही. चार दिवस झाले, ४० सेकंदांचा एक व्हिडिओ मानगुटीवर बसलाय. कॉम्प (ज्यात व्हिडिओ रचतो ती चौकट) १९२० बाय १०८०, सेकंदाला २५ फ्रेम. प्रीव्ह्यू एकदम स्वच्छ. रेंडर काढला, म्हणजे पक्की फाइल बनवली, की कुठेतरी दोन-तीन फ्रेमपुरते हिरवे-जांभळे चौकोन उमटतात. परवा ‘॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥’च्या बरोबर मधोमध पट्टी आली. परत काढला, तर ती ओळ चकाचक, पण ‘चि. सौ. कां.’च्या पुढचं नवरीचं नाव अर्धं कापून डावीकडे सरकलेलं. घाईत मी तोच पाठवला. त्यांनी घरच्या ग्रुपवर टाकलासुद्धा, आणि आता मुलीचे मामा म्हणतात हा अपशकुन आहे.

करून झालेले उपाय: पर्जमधून मेमरी आणि डिस्क कॅश रिकामी केली, ग्राफिक कार्डाचा स्टुडिओ ड्रायव्हर नव्यानं टाकला, सॉफ्टवेअर काढून परत बसवलं. फरक शून्य. मशीनला ८ जीबीचं कार्ड, ३२ जीबी रॅम (आधी १६ होती, दिवाळीत १६ वाढवली), एसएसडीवर भरपूर जागा. शनिवारी साखरपुडा आहे, काहीतरी सुचवा.

रेंडरग्रस्त

—

मोबाइलचं फुटेज वापरलंयस का? त्याचा फ्रेम रेट कमी-जास्त होत असतो, त्यानं आफ्टर इफेक्ट्समध्ये भलतेच घोळ होतात. आधी हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून स्थिर २५ वर आणून घे.

खडूफळा

—

नाही हो, फोटो आणि अक्षरंच आहेत फक्त. फुटेज एकही नाही.

रेंडरग्रस्त

—

फुटेजचा विषय नाही हा. मी बरीच वर्षं एका चॅनेलला रात्रपाळीत ग्राफिक्स केली आहेत, तिथे पहिला प्रश्न हाच असायचा: दोष एकाच फ्रेमला चिकटलाय की फिरतोय? चिकटला असेल तर प्रोजेक्टमध्ये शोधायचं, म्हणजे एखादं प्लगइन, खराब फोटो किंवा कॅश. फिरत असेल तर प्रोजेक्टला हात लावून उपयोग नाही, मशीन तपासायचं. तुझा फिरतोय.

आता एमपी४ काढणं थांबव. प्रोजेक्ट सेटिंगमध्ये ‘मर्क्युरी सॉफ्टवेअर ओन्ली’ कर, म्हणजे ग्राफिक कार्डाचं काम बरंचसं बाजूला पडेल. मग रेंडर क्यूमधून पीएनजी सिक्वेन्स काढ, वेगवेगळ्या फोल्डरांत, दोनदा. ४० सेकंदांचे १००० फोटो होतील, होऊ देत. दोन्ही सिक्वेन्स नव्या कॉम्पमध्ये एकावर एक ठेव आणि वरच्याचा ब्लेंडिंग मोड ‘डिफरन्स’ कर. दोन्ही सारखे असतील तर पूर्ण काळं दिसेल. कुठे काही चमकलं, तर तिथे दोन रेंडरांचं जमलेलं नाही. सगळं काळं आलं आणि फ्रेमही स्वच्छ असल्या, तर गडबड कार्डात नाहीतर एन्कोडिंगमध्ये, म्हणजे फ्रेमांचा एमपी४ बनवताना. मग मीडिया एन्कोडरला हार्डवेअरऐवजी सॉफ्टवेअर एन्कोडिंग लावून बघू.

आणि तो दिवाळीचा कंस तू फार सहज टाकलायस. नवी रॅम जुनीच्याच जोडीची आहे का? बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम जास्त वेगानं चालवायची सेटिंग) चालू आहे का? वेगवेगळ्या जोड्या एक्सएमपीच्या वेगाला एकत्र नीट चालतीलच असं नाही. प्रीव्ह्यू हाफवर बघतोस ना? हाफला पिक्सेल एकचतुर्थांश, म्हणजे रॅमही तेवढीच कमी लागते. म्हणून तो सुटत असेल.

हिरवी पट्टी

—

ताई, हाफवरच बघतो. नवी रॅम दुसऱ्या कंपनीची आहे, एक्सएमपी चालू होतं.

दोन्ही सिक्वेन्स काढून डिफरन्स लावला. सगळं काळं, आणि ३१२ व्या फ्रेमला एकदम पोपटी पट्टी! पुढे ६४० ला अजून एक. पहिली एका फोल्डरातली, दुसरी दुसऱ्यातली. म्हणजे कार्ड सुटलं, एन्कोडरही सुटला.

रेंडरग्रस्त

—

मग एक्सएमपी बंद कर आणि पेन ड्राइव्हवरून रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ लाव. चारही फेऱ्या होऊ दे, रात्रभर लागली तरी. चुका आल्या तर नव्या रॅमची पट्टी काढून टेस्ट परत लाव.

हिरवी पट्टी

—

एक्सएमपी बंद करूनही पहिल्याच फेरीत लाल ओळी सुरू झाल्या. नवी पट्टी काढली, रात्रभर चार फेऱ्या, एकही चूक नाही. सकाळी १६ जीबीवर दोनदा रेंडर काढला, डिफरन्स पूर्ण काळा. वेळ जास्त लागला, पण अंबाबाई आणि नवरी दोघी जागेवर आहेत. दुकानदार पट्टी बदलून देतोय. ताई, तुमचे उपकार. मामांना मीच फोन करतो.

रेंडरग्रस्त

—

मामांच्या आधी एक काम. दिवाळीपासून या मशीनवर जे जे कॉपी केलंयस, ते याच रॅममधून गेलंय. एखादा फोटो किंवा क्लिप तेव्हाच बिघडली असेल आणि कॉपी करताना कुठलीही सूचना आली नसेल. कॅमेऱ्याची मूळ मेमरी कार्डं असतील तर त्यांच्याशी ताडून बघ, आणि तोवर कुठलंही कार्ड फॉरमॅट करू नकोस.

हिरवी पट्टी

—

प्री-वेडिंगची दोन कार्डं मागच्या महिन्यात फॉरमॅट करून झालीत. फोल्डर उघडून बसलोय, एकेक क्लिप शेवटपर्यंत बघतो.

रेंडरग्रस्त